एकदाच चालणारी डिस्क

डिस्कमधून पहिल्यांदा टकटक ऐकू आली तेव्हा मी चहा गाळत होते. बाहेरच्या खोलीत धाकटा भाऊ टीव्हीला डिस्क जोडून माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो दाखवायच्या खटपटीत होता. तो निपाणीहून सकाळच्या बसने बेळगावजवळच्या कंग्राळीला आमच्याकडे आला होता. तळहातावर मावणारी ती काळी हार्डडिस्क त्याने नेहमीप्रमाणे बॅगेच्या पुढच्या कप्प्यात, मोटरसायकलच्या किल्ल्यांबरोबर टाकून आणली होती.

"आक्का, ह्ये बघ की गं. टीव्हीवर काय दिसंनाच झालंय."

मी गाळणी तशीच ठेवून बाहेर आले. पत्र्याच्या डब्यावर कुणी ठराविक वेळाने नखाने टिचकी मारावी तसा आवाज येत होता. टक्. टक्. मग जरा शांतता, आणि पुन्हा टक्. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. हा आवाज मला चांगलाच ठाऊक होता. मी धावत जाऊन केबल उपटली.

"काढलीस कशाला?" भाऊ म्हणाला.

"आप्पांचं सगळं ह्यातच हाय न्हवं?"

तो हळूच सोफ्यावर टेकला आणि हातातला रिमोट त्याने शेजारी ठेवून दिला.

आप्पा म्हणजे आमचे वडील. निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत त्यांनी उभा जन्म वजनं पुकारण्यात घालवला. काट्यावर पोतं चढलं की आप्पा आकडा ओरडायचे, आणि वखारीच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेला दिवाणजी तो लिहून घ्यायचा. तो आवाज रस्त्यावरही ऐकू यायचा. घरी त्यांचा फोन आला तर आम्ही फोन कानापासून लांब धरायचो. त्याच आप्पांचा आवाज बसला, औषधांनी सुटेना, आणि बेळगावच्या डॉक्टरांनी एक दिवस आम्हाला समोर बसवून सांगितलं, गाठ स्वरयंत्रात आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस हातात होते. भावाने त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला घेतलं तेव्हा आप्पा भडकले होते. "मी काय मराय लागलोय व्हय रं? बंद कर त्ये!" ते वाक्यसुद्धा रेकॉर्ड झालं. मग कधीतरी ते स्वतःच बोलायला लागले. वखारीतल्या गमती सांगितल्या, शेजाऱ्याच्या शेळीला शिव्या घातल्या, एकेका नातवंडाशी वेगवेगळं बोलले. आवाज बसका होता, मधेच चिरकायचा, तरी तो त्यांचा होता. ऑपरेशन झालं आणि ते बरे झाले. आता ते गळ्याच्या खाली केलेल्या भोकातून श्वास घेतात, त्यावर पांढरं फडकं बांधतात, आणि काही सांगायचं असलं की मुलांच्या मॅजिक पाटीवर लिहितात. बटण दाबलं की पुसलं जातं, तसली पाटी.

फोन भरला म्हणून भावाने सगळं त्या डिस्कवर काढलं होतं. पुढे फोनही बदलला. इंटरनेटवर फुकट मिळणारी जागा आधीच त्याच्या फोटोंनी भरलेली. म्हणजे जे काही होतं ते एवढ्याच एका डबीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ती डिस्क रुमालात गुंडाळून बेळगावात एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदाराने ती कानाशी धरून हलक्या हाताने हलवली, परत माझ्या हातात दिली.

"मॅडम, चालू करून बघितलीसा?"

"एकदाच. लगेच काढली."

"बरं केलासा. आता उगंच जोडू नका. अजून एकदा चालंल असं वाटतंय. त्याच्या फुडं मी सांगू शकत न्हाय. जोडशीला तवा माल ठेवायला जागा तयार पायजे. मग डबी गेली तर गेली."

बंगळूरला असल्या डिस्का उघडून दुरुस्त करणारे लोक आहेत, असंही तो म्हणाला. मी तिथे फोन केला. डिस्क कुरिअरने पाठवावी लागणार होती, आणि मिळेलच अशी खात्री ते देत नव्हते. मी निपाणीला फोन लावला. भावाने आप्पांना सगळं समजावलं. आप्पांनी पाटीवर दोनच अक्षरं लिहिली. "नको." वाटेत हरवेल याची त्यांना भीती होती. खरं सांगायचं तर ती मलाही होती.

म्हणून मी ठरवलं, घरातच एक सर्व्हर उभा करायचा. नुसती दुसरी डिस्क आणून तिच्यात ओतून मोकळं व्हायचं नाही. पुन्हा असं एका डबीवर सगळं टांगून ठेवायचं नव्हतं.

ती डिस्क मी लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली आणि कपाटाची किल्ली नवऱ्याकडे दिली. घरात मुलगी पाच वर्षांची. तिला बजावून सांगितलं, त्या कपाटाला हात लावायचा नाही. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आत आजोबा हाईत?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

बेळगावात बंद पडलेल्या एका सायबर कॅफेचा एक जुना कॉम्प्युटर नवऱ्याने आणला. पुसून त्यातली धूळ काढली, पंखा बदलला, मेमरी वाढवली. आत सारख्या मापाच्या दोन नव्या डिस्क बसवल्या, अशा की एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जाईल. एक मेली तरी दुसरी उभी. सर्व्हरसाठीची फुकट प्रणाली मी पेनड्राइव्हवरून चढवली. राउटरपासून माळ्यापर्यंत केबल ओढली, आणि तो डबा माळ्यावर, जिथे धान्याची पिपं असतात तिथे ठेवला. त्याला ना पडदा ना कीबोर्ड. खाली बसून लॅपटॉपवरून त्याच्याशी बोलायचं. घरातले सगळे त्याला "वरचा डबा" म्हणायला लागले.

हे सांगताना सोपं वाटतं. तेव्हा मात्र प्रत्येक पायरी मी दोन-दोनदा तपासायचे. एरवी काही चुकलं तर पुन्हा करता येतं. इथे पुन्हा नव्हतं. म्हणून मी आधी खोटा माल भरून बघायचं ठरवलं. शाळेतले जुने व्हिडिओ, गाणी, काय सापडेल ते त्या डब्यात ओतलं, पुन्हा वाचून पाहिलं. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं आणि तिसऱ्या दिवशी दोन नव्या डिस्कांपैकी एकीने चुका दाखवायला सुरुवात केली. नवी कोरी डिस्क. ती बदलून आणली, पुन्हा पहिल्यापासून तपासणी.

भाऊ रोज फोन करायचा. "झालं का?"

"न्हाय अजून."

"आक्का, तुझं मशीन हुईस्तवर ती डिस्क तशीच मरंल बघ कपाटात."

"बंद ठेवलेली डिस्क मरत न्हाय. जोडली की मरते."

"लई मास्तरीण झालीस."

"मग तूच का न्हाय ठेवलास दुसरीकडं?"

 त्याने फोन ठेवून दिला. दोन दिवस त्याचा फोन आला नाही, आणि त्या दोन दिवसांत मला त्याच्या रोजच्या फोनची किती सवय झाली होती ते कळलं.

विजेचा प्रश्न उरला होता. कंग्राळीत शेतातले पंप सुरू झाले की आमच्या घरातले दिवे मंद होतात, आणि कधी करंट जातो, कधी येतो, काही नेम नाही. डब्याला यूपीएस लावला होता. "चाचणी घेऊ या," नवरा म्हणाला, आणि त्याने सरळ मेन स्विच खाली केला. यूपीएस एकदा किंचाळला आणि गप्प झाला. त्याच्यासकट वरचा डबाही गप्प. आतली बॅटरी केव्हाच निकामी झालेली होती. त्या दिवशी मी माळ्याच्या शिडीवर बसून राहिले. हेच जर त्या डिस्कच्या वेळी झालं असतं तर, हा विचार डोक्यातून जाईना. नवी बॅटरी आली, मेन स्विच पुन्हा पुन्हा खाली-वर केला. डबा चालत राहिला. मग मी भावाला फोन करून म्हणाले, "रविवारी या. आप्पांना घेऊन ये."

रविवारी दोघे सकाळच्या बसने आले. आप्पा पायरी चढताना थांबले, छातीवर हात ठेवून दम घेतला, आत येऊन टेबलाजवळच्या खुर्चीत बसले. नवऱ्याने कपाट उघडून डिस्क आणली. मी लॅपटॉप उघडला होता. मला वाटत होतं, काय आधी घ्यायचं यात बोलण्यासारखं काही नाहीच. आप्पांच्या आवाजाचा फोल्डर आधी, मग नातवंडांचे फोटो, मग राहिलेलं. मी तसं भावाला सांगत होते आणि केबल हातात घेतली, तोच आप्पांनी माझं मनगट धरलं.

त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "आधी तिचं."

"कुणाचं, आप्पा?"

"तुझी आई."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा हल्लीसारखे फोन नव्हते. भावाला आधी आठवेना, मग आठवलं. त्याने पहिला कॅमेऱ्याचा फोन घेतला त्या दिवाळीत आईचं काहीतरी टिपलं होतं. इवलासा व्हिडिओ. त्यानंतर तो कुणी पाहिलाही नव्हता.

"आप्पा," भाऊ म्हणाला, "त्यो लई लहान हाय, आन् धड दिसतबी न्हाय. तुमचा आवाज म्हत्त्वाचा हाय. आधी त्यो घेऊ, मग लगीच आईचा."

आप्पांनी बटण दाबून पाटी पुसली आणि तेच पुन्हा लिहिलं. आधी तिचं.

"अवो पण ही एकदाच चालणार हाय! मधीच बंद पडली तर?"

आप्पांनी टेबलावर हात आपटला. पाटी खाली पडली. त्यांच्या गळ्यावरचं फडकं जोरात आतबाहेर होत होतं. पूर्वी या माणसाने एवढ्या रागात घर डोक्यावर घेतलं असतं. आता नुसता श्वासाचा आवाज होता. मुलगी दारात उभी होती, नवऱ्याने तिला उचलून आत नेलं.

मी पाटी उचलून त्यांच्यासमोर ठेवली. ते माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांचं पटलं होतं असं नाही. पण आवाज त्यांचा होता. तो आधी ठेवायचा की नंतर, हे ठरवणारी मी कोण?

"व्हिडिओ कुठल्या फोल्डरात हाय?" मी भावाला विचारलं. "शोधत बसता यायचं न्हाय."

"जुना फोन म्हणून एक फोल्डर हाय. त्यातच आसंल. बहुतेक."

त्या 'बहुतेक'चा मला राग आला. मी एक घोट पाणी प्यायले आणि केबल जोडली.

काहीच झालं नाही. मग एक टक्. भाऊ उठून उभा राहिला. आणखी एक टक्, आणि आतून बारीक घरघर सुरू झाली, ती वाढत जाऊन एका सुरात स्थिर झाली. पडद्यावर फोल्डर उमटले. मी 'जुना फोन' उघडला. आत बिननावाच्या, नुसत्या आकड्यांच्या फायली. व्हिडिओ एकच होता. तो मी वरच्या डब्याकडे पाठवला आणि हिरवी पट्टी भरत गेलेली पाहिली. पोचला.

"आला," मी म्हणाले. आप्पांनी डोळे मिटून मान हलवली.

लगेच आवाजाचा फोल्डर. फायली एकेक करून सुटायला लागल्या.  मी डिस्कवर तळवा धरून बघत होते, ती तापत चालली होती. नवऱ्याने टेबलफॅन आणून तिच्यावर सोडला. एवढ्यात ट्यूबलाइट फडफडली, पिवळी पडली, आणि माळ्यावरून यूपीएसची शिट्टी ऐकू आली. शेतात पंप सुरू झाले होते. नवरा फोन घेऊन अंगणात पळाला. "अण्णा, जरा थांबवा की पंप! न्हाय, न्हाय, काय झालं न्हाय, नंतर सांगतो, आधी बंद करा!" अण्णा म्हणजे त्याचे चुलतभाऊ, ते बिचारे आणखी काही न विचारता मोटार बंद करून आले. दिवे पुन्हा सरळ झाले. डबा थांबला नव्हता.

मग टकटक परत आली. आधी एखादी, मग सलग. एका फाइलवर पट्टी अडकली ती हलेना. मी ती सोडून पुढची घेतली. ती गेली. त्याच्या पुढची अर्धी गेली. भाऊ खुर्चीची पाठ धरून उभा होता, तो हळूच म्हणाला, "जा की गं, जा की," कुणाला म्हणाला कुणास ठाऊक. एक लांब कर्र असा आवाज झाला आणि घरघर उतरत उतरत बंद पडली. पडद्यावरून डिस्क नाहीशी झाली. मी केबल काढून पुन्हा लावली. पुन्हा लावली. काही नाही.

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

आप्पांनी लिहिलं, "किती?"

"आवाजाचं निम्मं. त्याहून थोडं कमीच. फोटो तर न्हाईतच."

आम्ही बसून एकेक उघडून बघितलं. वखारीच्या गमती आल्या होत्या, शेळीच्या शिव्या आल्या होत्या. "मी काय मराय लागलोय व्हय रं" आलं होतं. दोघा नातवंडांशी बोललेलं आलं, तिसऱ्याचं गेलं. आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्यासाठी जे बोलले होते ते गेलं. ते मी एकदाही ऐकलेलं नव्हतं. मी त्या वेळी दवाखान्याच्या कागदपत्रांसाठी खाली होते. पुढे ऐकायचा धीर झाला नाही, आणि कधीतरी निवांत ऐकू असं वाटत राहिलं.

मी आप्पांना विचारलं, "आप्पा, माझ्यासाठी काय बोललावता तवा?"

त्यांनी बराच वेळ पेन तसंच धरून ठेवलं. मग लिहिलं, "आठवत नाही." पुसलं. पुन्हा लिहिलं, "जेवण वेळेवर कर. असंच काहीतरी." आणि माझ्याकडे बघून जरा ओशाळले. मी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून उभी राहिले, रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि भात लावला.

जेवणं झाल्यावर आईचा व्हिडिओ लावला. धूसर चित्र, चुलीपाशी बसलेली आई, कढईत चकली सोडतेय. भाऊ फोन तिच्या तोंडाजवळ नेतो, ती झारा उगारते. "मेल्या, तेल उडंल! अवो, तुमी तरी सांगा की ह्याला!" आणि चित्रात न दिसणारे आप्पा मागून मोठमोठ्याने हसतात. घर भरून टाकणारं, वखारीतलं हसू. व्हिडिओ तिथेच संपतो.

 आप्पांनी ऑपरेशनआधी एवढं बोलून ठेवलं होतं, पण त्यात ते एकदाही हसले नव्हते. तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचं हसू उरलं होतं ते एवढंच. हे त्यांना ठाऊक होतं का, म्हणून त्यांनी हट्ट धरला का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा लावल्यावर त्यांचे खांदे हलायला लागले. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आवाज नाही. आधी मी घाबरले. मग कळलं, ते हसत होते.

निघताना त्यांनी माळ्याकडे बोट करून लिहिलं, "ह्या घराला आग लागली तर?"

"आप्पा, भरल्या घरात काय लिहिताय!" भाऊ ओरडला. पण प्रश्न बरोबर होता. एकाच डब्यात दोन डिस्क म्हणजे अजूनही एकच घर. म्हणून पुढच्या महिन्यात मी निपाणीला जाऊन तसाच एक लहान डबा भावाच्या घरी, देवघराच्या वरच्या फळीवर बसवला. दोन डबे फक्त एकमेकांना ओळखतील अशी वाट इंटरनेटवरून बांधली. मेलेली डिस्कही या वेळी आप्पांना विचारून बंगळूरला पाठवली. तिथून निरोप आला, आतली तबकडी खरवडली गेली आहे, उरलेलं निघणार नाही. भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, "माझी बॅग, आक्का." मी म्हणाले, "बॅगेनं काय झालं न्हाय. डिस्का जातातच." ते खरं होतं की नव्हतं, मला आजही सांगता यायचं नाही.

पहिल्यांदा सगळं इथून तिथे जायला खूप वेळ लागला. मधे एकदा निपाणीचं इंटरनेट गेलं, एकदा आमचं. शाळेत तास घेतानाही माझं लक्ष फोनकडे. दुपारच्या सुट्टीत भावाचा फोन आला.

"आलं गं आक्का. सगळं आलं. उघडूनबी बघितलो."

"आईचा?"

"त्यो पयला बघितलो."

मी स्टाफरूमच्या बाकावर बसले. "आप्पा काय करतायत?"

"जेवून झोपल्यात. उठवू का?"

"नको," मी म्हणाले. "झोपू दे."